मळीचें मोल

उंसापासून गूळ व साखर होते हें आपल्याकडील पोरासोरांनाहि ठाऊक आहे. परंतु त्याच उंसापासून रम नांवाचें जें मद्य निघतें, तें कसें निघतें असें विचारलें, तर जाणतीं माणसेंहि "उंसाचा रस आंबवून काढीत असतील" एवढ्यावर वेळ मारून नेतात. हें उत्तर अगदींच खोटें नाहीं; पण पुरतें खरेंहि नाहीं. जगांतील बहुतेक रम उंसाच्या रसाची होत नाहीं. साखर काढून घेतल्यावर जें काळें, चिकट व उग्र वासाचें द्रव्य मागें उरतें, त्या मळीची ती होते. अर्थात् रम हें साखरेचें उष्टें आहे. या उष्ट्याला मोल कसें आलें, आणि तें मोल कोणीं चुकतें केलें, या दोन प्रश्नांचा विचार मी आज आपणांपुढें मांडणार आहें. मद्याची भलावण करणें हा माझा हेतु नाहीं, आणि त्याच्या निंदेचें कीर्तन करण्यासहि मी येथें बसलेलों नाहीं. "हें असें कां होतें?" हा प्रश्न मुलांना विचारण्यांत ज्या शिक्षकाचें आयुष्य गेलें, त्यास कोणत्याहि वस्तूची घडण निषिद्ध वाटत नाहीं.

ऊंस मूळचा न्यू गिनी बेटाकडचा. पण त्याच्या रसाची दाणेदार साखर करण्याची विद्या भारतांत उदयास आली, आणि आपल्या 'शर्करा' या शब्दाचींच रूपें पुढें फारशी, अरबी व युरोपीय भाषांत फिरत गेलीं. उंसाचें मद्यहि आपणांस अपरिचित नव्हतें. उंसाच्या रसाच्या मद्याला संस्कृतांत सीधु म्हणतात, आणि मनुस्मृतींत सुरेचे जे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांतील गौडी ही गुळाची. परंतु ज्या रमनें पुढें जग व्यापलें, तिचें जन्मस्थान कॅरिबियन समुद्रांतील बेटें होत. कोलंबसानें १४९३ सालच्या आपल्या दुसऱ्या सफरींत उंसाचें बेणें तिकडे नेलें. बार्बाडोस बेटावर इंग्रजांची वसाहत १६२७ सालीं झाली, आणि १६४० नंतर तेथें तंबाखू व कापूस मागें पडून ऊंस पुढें आला. त्यानंतर थोड्याच वर्षांत या मद्याचे उल्लेख आढळूं लागतात. तेथील इंग्रज त्यास प्रथम 'सैतानमार' अशा अर्थाच्या नांवानें ओळखीत. यावरून तें किती जहाल असावें याची कल्पना येते.

आतां मळी म्हणजे काय तें नीट पाहूं. आपल्या गुऱ्हाळांत रस उकळतांना वर जो काळसर फेंस येतो, त्यालाहि मळी म्हणतात. पण मी बोलतों आहें ती साखर कारखान्यांतील मळी. गुऱ्हाळांत काहिलींतील पाक गुळव्या जोखतो, वाफ्यांत ओततो, आणि पाक निवला कीं रसांतील सारी गोडी ढेपेंत बांधली जाते. मागें कांहीं उरत नाहीं. साखरेचें तसें नाहीं. साखर म्हणजे स्फटिक. पाक आटत आला कीं स्फटिक धरूं लागतात; पण रसांतील सगळीच गोडी स्फटिकरूप होऊं शकत नाहीं. कांहीं शर्करा, क्षार व रंगद्रव्यें यांचा दाट काढा स्फटिकांच्या भोंवतीं तसाच राहतो. गुळांत हा काढा ढेपेच्या पोटांतच असतो. साखर पांढरी व कोरडी हवी म्हणून तेथें तो वेगळा काढावा लागतो. वेगळी काढलेली ही वस्तु तीच मळी.

बार्बाडोस, जमेका इत्यादि बेटांवर हा पाक तळाला छिद्र असलेल्या मातीच्या कुंड्यांत किंवा लांकडी पिंपांत भरून ठेवीत. आठवडेच्या आठवडे मळी खालीं ठिबकत राही, आणि वर साखर उरे. आजच्या कारखान्यांत वेगानें फिरणारीं चाळणीचीं यंत्रें तेंच काम कांहीं मिनिटांत करतात. साधारण हिशेब असा आहे: एक टन उंसापासून १०० ते ११० किलो साखर मिळते व ४० किलोच्या आसपास मळी उरते. या मळींत वजनानें जवळजवळ निम्मी शर्करा असते. पण तिचे स्फटिक काढीत बसणें परवडत नाहीं. म्हणून ती गुरांच्या वैरणींत मिसळावी, गुलामांना खावयास द्यावी, नाहीं तर ओतून टाकावी, एवढेच मार्ग पूर्वीच्या मळेवाल्यांपुढें होते. त्या पेंचांतून रम जन्मास आली.

मळीचें मद्य होतें तें आंबण्यानें. परंतु मळी नुसती ठेवली तर ती महिनोन्‌महिने आंबत नाहीं. ज्या कारणानें दाट पाकांतला मुरंबा टिकतो, त्याच कारणानें मळीहि टिकते. इतक्या गोडींत सूक्ष्म जीवांना जगतांच येत नाहीं. म्हणून प्रथम तिच्यांत पाणी घालून शेंकडा १५ ते २० भाग शर्करा राहील इतकी ती पातळ करतात. मग तिच्यांत किण्व, म्हणजे ज्यास यीस्ट म्हणतात तें, आपलें काम सुरू करतें. आंबण्याची क्रिया हा निव्वळ रासायनिक बिघाड नसून सजीव सूक्ष्म पेशींचें कार्य आहे, हें १८५७ व त्यापुढील वर्षांत लुई पाश्चर यानें प्रयोगांनीं दाखविलें. बेटांवरील कारागिरांना हें शास्त्र ठाऊक नव्हतें. पण हवेंतलें व भांड्यांत राहिलेलें किण्व त्यांची वाट पाहत बसलें नाहीं. तें शर्करा खाऊं लागतें, कर्बाम्ल वायूचे बुडबुडे उठतात, हौद फसफसतो, कोमट होतो. हलकी रम हवी असेल तर एकदोन दिवसांत हें आटोपतें. जमेकाची भारी रम करावयाची तर एकदोन आठवडे लागतात. शेवटीं हौदांत शेंकडा ६ ते ९ भाग मद्यार्काचें एक आंबटसर पाणी तयार होतें.

जमेकांत या कामीं एक विशेष युक्ति आहे. भट्टींत एकदां उकळून मद्यार्क काढून घेतला कीं तळाशीं जें आंबट पाणी उरतें, त्यास ते लोक 'डंडर' म्हणतात. तें फेंकून न देतां पुढच्या हौदांत घालतात. काढ्यांत पाक उकळतांना निघालेला फेंसहि पूर्वीं त्यांतच जाई. डंडरमधील अम्लें व मद्यार्क यांच्या संयोगानें 'एस्टर' या जातीचीं सुगंधी द्रव्यें होतात, आणि त्यामुळें जमेकाच्या रमला पिकलेल्या अननसासारखा उग्र घमघमाट येतो. उष्ट्याचेंहि उष्टें कामास आणण्याचा हा प्रकार मोठा चमत्कारिक आहे.

पुढची पायरी ऊर्ध्वपातनाची. शुद्ध मद्यार्क सेंटिग्रेडच्या सुमारें ७८ अंशांस उकळतो, पाणी १०० अंशांस. त्यामुळें दोहोंचें मिश्रण तापविलें असतां वर येणाऱ्या वाफेंत मद्यार्काचा वांटा अधिक असतो. ही वाफ थंड पाण्यांत बुडविलेल्या वळणावळणाच्या नळींतून नेली कीं तिचा पुन्हां द्रव होतो. पहिल्या खेपेस निघणारा द्रव दुर्बळ असतो. तोच पुन्हां भट्टींत घालून दुसऱ्यानें काढला म्हणजे जोरदार रम मिळते. भांडें तांब्याचें घेतात; कारण तांबें उष्णता लवकर पोंचवितें, आणि आंबतांना उत्पन्न झालेलीं गंधकाचीं दुर्गंधी द्रव्यें धरून ठेवतें. या अग्नीला इंधन म्हणून रस काढून उरलेलीं चिपाडें चालतात. म्हणजे तेंहि उष्टेंच!

कारागिराची खरी परीक्षा येथें लागते. नळींतून प्रथम जी धार येते तिला तीव्र, नाकाला झोंबणारा वास असतो. मधली धार स्वच्छ असते. शेवटची जड, तेलकट व दुर्गंधी. इंग्रजींत या तिन्हींस तोंड, काळीज व शेंपूट अशा अर्थाचीं नांवें आहेत. कोठें थांबावयाचें व कोठें धरावयाचें हें वास घेऊन, तळहातावर चोळून, कारागीर ठरवितो. काळीज ठेवावयाचें; तोंड व शेंपूट बाजूस काढून पुन्हां भट्टींत घालावयाचें. काय ठेवावें व काय टाकावें हें ओळखणें, एवढ्या एका वाक्यांत ही सगळी विद्या सांगतां येईल.

येथें एका गैरसमजाविषयीं बोललें पाहिजे. हातभट्टीच्या दारूनें माणसें दगावतात तीं या पहिल्या धारेमुळें, असें पुष्कळ लोक समजतात. वस्तुस्थिति निराळी आहे. मळीच्या मद्यांत मेथॅनॉल हें विष अत्यल्प निर्माण होतें. अशा दुर्घटना बहुधा घडतात त्या कारखान्यांसाठीं बनविलेलें मेथॅनॉल स्वस्त म्हणून कोणी दुष्टानें दारूंत मिसळल्यामुळें. २०१५ सालच्या जून महिन्यांत मुंबईच्या मालवणी भागांत शंभराहून अधिक माणसें मेलीं, तीं अशाच विषानें. मेथॅनॉल चवीवरून ओळखूं येत नाहीं. तें प्रथम दृष्टि घेतें व मग प्राण. दुसरें विष जुन्या काळचें आहे. पूर्वीं भट्टीचीं टोपणें व नळ्या शिशाच्या करीत. शिसें मद्यांत उतरे आणि पिणाऱ्याच्या पोटांत भयंकर कळा येऊन त्याचे हातपाय लुळे पडत. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीनें १७२३ सालीं अशा शिशाच्या भट्ट्यांस कायद्यानें बंदी केली.

भट्टींतून उतरलेली रम पाण्यासारखी पांढरी असते. तिचा तांबूस रंग ओक लांकडाच्या पिंपांतून येतो. किंवा कित्येकदां जाळलेल्या साखरेचा रंग तिला देतात. हीं पिंपें बहुधा अमेरिकन बर्बन व्हिस्कीसाठीं एकदां वापरलेलीं असतात. त्या व्हिस्कीला दर वेळीं कोरें पीप लागतें असा तेथील कायदा आहे. म्हणून जुनीं पिंपें स्वस्तांत मिळतात. पिपाच्या लांकडांतून हवा सूक्ष्मपणें आंत येते, लांकडाचा अंश द्रवांत उतरतो, आणि उग्रपणा मावळत जातो. पण उष्ण प्रदेशांत दर वर्षीं शेंकडा पांच-सहा भाग मद्य उडूनहि जातें.

एनियस कॉफी नांवाच्या आयरिश गृहस्थानें १८३० सालीं उंच स्तंभाच्या अखंड चालणाऱ्या भट्टीचें पेटंट घेतलें. मूळचा हा अबकारी अधिकारी. त्याच्या यंत्रांत एकीकडून हौदांतील आंबलेलें पाणी सोडावें व दुसरीकडून जवळजवळ शुद्ध मद्यार्क घ्यावा, अशी सोय झाली. आज हलकी रम बहुधा अशाच यंत्रांत होते, आणि आपल्याकडील मळीच्या मद्यार्काचे कारखानेहि याच तत्त्वावर चालतात. तो मद्यार्क औषधांत, रसायनांत व पेट्रोलांत मिसळण्यासहि जातो. मळीऐवजीं ताज्या रसाचीच रम करण्याची रीति मुख्यतः मार्टिनिकसारख्या फ्रेंच बेटांवर रूढ आहे. बीटच्या साखरेनें उंसाच्या साखरेचा भाव पाडला, तेव्हां तेथील मळेवाले रसच आंबवूं लागले.

येथवर आपण जें पाहिलें त्यांत काटकसरीची केवढी कमाल आहे! चिपाडें जाळलीं, फेंस वापरला, मळीचें मद्य केलें, डंडर पुन्हां हौदांत घातलें, दुसऱ्याचें जुनें पीपहि टाकलें नाहीं. पण श्रोतेहो, ज्या मळ्यांत ही विद्या वाढली तेथें एक वस्तु मात्र सर्रास वायां घालविली जात होती. ती म्हणजे माणूस.

बार्बाडोस व जमेकाचे मळे आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर चालत. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत सुमारें सव्वा कोटि माणसें अटलांटिक महासागरापार नेण्यासाठीं गलबतांवर चढविण्यांत आलीं. त्यांतील पुष्कळ जण वाटेंतच मेले. ऊंस तोडल्यावर रस लवकर बिघडतो. म्हणून हंगामांत चरक रात्रंदिवस चालवावा लागे. पेंगुळलेल्या माणसाचा हात उंसाबरोबर लाटांत ओढला गेला, तर सबंध देह जाण्याच्या आंत हात तोडतां यावा, म्हणून चरकाजवळ कुऱ्हाड ठेवण्याची चाल होती. चरक थांबविण्यापेक्षां हात तोडणें लवकर होई. भट्टीवर धार ओळखणारे कसबी कारागीरहि बहुधा गुलामच असत. ज्या रमला त्यांच्या नाकानें किंमत आली, तिच्या पिपावर नांव मात्र मालकाचें.

आणि हें चक्र तेथेंच संपत नव्हतें. बेटांवरील मळी गलबतांनीं उत्तर अमेरिकेंत जाई. ऱ्होड आयलंड व मॅसॅच्युसेट्स येथील भट्ट्यांत तिची रम होई. ती रम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेऊन तिच्या मोबदल्यांत माणसें घेत. तीं माणसें पुन्हां बेटांवरील उंसाच्या मळ्यांत विकीत. माणसाच्या घामाच्या उष्ट्यावर माणूसच विकत घेतला जाई. या व्यापारांत पैसा एवढा होता कीं, ब्रिटिश पार्लमेंटनें १७३३ सालीं परक्या बेटांवरील मळीवर गॅलनमागें सहा पेन्स कर बसविला तेव्हां वसाहतवाल्यांनीं तो सर्रास चुकविला. १७६४ सालीं कर निम्मा करून वसुली कडक केली, तेव्हां जो असंतोष भडकला, तो अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या कारणांत गणला जातो. स्वातंत्र्यासाठीं पेटलेल्या त्या लोकांना मळीवरील कर दिसला. मळीमागचा माणूस त्यांतील फारच थोड्यांना दिसला.

ब्रिटिश साम्राज्यांत गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३ सालीं झाला. त्या वेळीं नुकसानभरपाई म्हणून दोन कोटि पौंड देण्यांत आले. कोणाला? गुलामांना नव्हे, त्यांच्या मालकांना. ज्यांचे हात चरकांत गेले त्यांस एक पेनीहि मिळाली नाहीं. उलट आणखी कांहीं वर्षें 'उमेदवार' या नांवाखालीं त्यांना जुन्याच मालकाकडे राबावें लागलें. त्या भरपाईसाठीं काढलेल्या कर्जाचा शेवटचा अंश ब्रिटिश सरकारनें २०१५ सालीं फेडला. हिशेब किती चोख! फक्त खातें चुकीच्या माणसाच्या नांवें उघडलें होतें.

गुलाम सुटले, पण ऊंस तर उभाच होता. तो तोडण्यास नवे हात हवे होते, आणि ते हात हिंदुस्थानांतून गेले. १८३४ पासून मॉरिशसला, १८३८ पासून गियानाला, आणि १८४५ पासून जमेका व त्रिनिदाद या बेटांना गिरमिटाखालीं मजूर जाऊं लागले. एकट्या मॉरिशस बेटावर जवळजवळ पांच लाख हिंदी माणसें उतरलीं. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेलीं रत्नागिरी व कोंकणांतील मराठी माणसेंहि होतीं. त्यांचे वंशज आजहि तेथें मराठी म्हणवितात व गणेशोत्सव करतात. उंसाच्या या कथेशीं आपलें नातें केवळ ऐकीव नाहीं; तें रक्ताचें आहे.

आणि तें नातें समुद्रापारच राहिलें आहे असेंहि नाहीं. आपल्या महाराष्ट्रांत दर वर्षीं गाळप हंगाम आला कीं बीड व आसपासच्या दुष्काळी भागांतून लाखों माणसें बिऱ्हाड पाठीवर घेऊन उंसाच्या फडांत येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत कोपींत राहून तोड करतात. पहाटेच्या काळोखांत, थंडीदंवांत, बाई मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढते. नवराबायकोच्या या जोडीला काय म्हणून मोजतात तें ठाऊक आहे काय? 'एक कोयता'. माणूस एकटाच आला तर 'अर्धा कोयता'. एक दिवस काम चुकलें तर खाडा धरून पैसे कापतात. बीड जिल्ह्यांत ऊंस तोडणाऱ्या बायकांचीं गर्भाशयें मोठ्या संख्येनें काढलीं गेल्याचें उघडकीस आलें, तेव्हां २०१९ सालीं राज्य शासनास चौकशीसाठीं समिति नेमावी लागली. काम बुडूं नये ही भीतीहि त्या शस्त्रक्रियांच्या मुळाशीं असल्याचें पुढें आलें. ही माणसें गुलाम नाहींत. कायद्यानें तीं आपल्याइतकींच स्वतंत्र आहेत, आणि दोन्ही गोष्टी एकाच तराजूंत घालणें अन्यायाचें होईल. परंतु जेथें माणसाची मोजदाद त्याच्या हातांतील हत्यारावरून होते, तेथें चरकाजवळची ती कुऱ्हाड पुरती नाहींशी झाली असें माझ्यानें म्हणवत नाहीं.

रम प्यावी कीं पिऊं नये हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा व कायद्याचा प्रश्न आहे. पण उंसाची साखर तर आपण सर्वच खातों. साखर आणि रम हीं एकाच काढ्याचीं दोन लेंकरें; एक देव्हाऱ्यापुढें नैवेद्यांत बसतें, दुसरें पाठीमागच्या दारानें येतें, इतकाच काय तो फरक. भट्टीवरचा कारागीर एका श्वासांत ओळखतो कीं काय ठेवण्याजोगें आहे व काय टाकण्याजोगें. उंसाच्या धंद्याला तीनचारशें वर्षांत मळी टाकूं नये हें पक्कें कळलें आहे. माणूस टाकूं नये, हें त्याला अद्याप शिकावयाचें आहे. आणि तें शिकविण्याचें काम एकट्या कारखानदाराचें किंवा सरकारचें नसून, चहाच्या कपांत साखर घालणाऱ्या प्रत्येकाचें आहे. कोयत्यामागें उभ्या असलेल्या माणसाला नांव आहे, एवढें जरी आपण लक्षांत ठेवलें, तरी हिशेबाची पहिली ओळ बरोबर लिहिली असें होईल.